कुऱ्हाड चालू आहे

५ सप्टेंबर

दादा,

अक्षर ओळखणार नाहीस. तू गेलास तेव्हा मला लिहिता येत नव्हतं. चुलीपुढच्या राखेत बोटाने तू चार-दोन अक्षरं काढून दाखवली होतीस, तेवढीच माझी शाळा. बाकीचं इथे शहरात आल्यावर शिकले, मोठ्या बायकांच्या वर्गात, खडूची पूड खात. तेव्हा चुका काढत बसू नकोस.

तुझा पत्ता दगडांच्या ट्रकवाल्याने दिला. मी इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला आहे. तिथल्या नव्या पायऱ्यांसाठी तो फरश्या घेऊन आला होता. मला कुणीतरी हाक मारली आणि हा हसला. म्हणाला, "बाई, हाक आली की तुम्ही आधी दाराकडे बघता. आमच्या दगड कापायच्या कारखान्यात एक जण अगदी असाच आहे." मी त्याला तुझ्या भुवईवरच्या खुणेबद्दल विचारलं. आहे म्हणाला. मग मी तिथेच ओल्या चादरींच्या ढिगावर बसले.

मुद्द्याचं सांगते. बाबा गेले, त्याला काही वर्षं झाली. आई आणि मी जंगलातून खाली उतरलो आणि आता दोघी इथे राहतो. आईचा डावा कान तू गेलास त्या दिवसापासून बंद आहे. आता उजवाही चालला आहे. कानाच्या डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यापर्यंत टिकला तर नशीब. तुझा आवाज तिच्या कानात पडायला हवा असेल तर उशीर करून चालणार नाही.

आणि नुसत्या कानाचा प्रश्न नाही. आई शांततेत बोलत नाही. तो जंगलातल्या घराचा नियम तिच्या हाडात मुरला आहे. आठवतो ना, की तेही तिकडेच टाकून आलास? आपलं बोलणं बाबांच्या कानावर पडलं की ते म्हणायचे, "माझ्याविरुद्ध काय शिजतंय?" आणि ज्याचा आवाज असेल त्याची रवानगी बाहेरच्या मांस साठवायच्या कोठीत, बर्फ असो नसो. म्हणून ते बाहेर लाकडं फोडायला लागले की तेवढ्यातच आपण बोलून घ्यायचो. आई दाराला कान लावून उभी राहायची आणि म्हणायची, "कुऱ्हाड चालू आहे." की आपली तोंडं सुटायची. ठोका थांबला की अर्धं वाक्य गिळायचं. माझी इतकी वाक्यं पोटात गेली आहेत, त्यांनीच मी जाड झाले असणार.

इथे कुऱ्हाड नाही. दोन खोल्या, खाली सायकलदुरुस्तीचं दुकान, खिडकीसमोर भिंत. आल्यावर कितीतरी महिने आई माझ्याशी खुणांनी बोलली. मग मी एक जुनं वॉशिंग मशीन आणलं. ते कपडे पिळायला लागलं की अख्खं स्वयंपाकघर थडथडतं. पहिल्याच दिवशी ते थडथडलं आणि माझ्या मागून आवाज आला, "अगं, त्या फळीला एक खिळा हवा, भांडी डोक्यात पडतील." माझ्या हातातली बशी फुटली. मशीन थांबलं आणि आईही थांबली.

तेव्हापासून मी मशीन रिकामं फिरवते. शेजारीण विचारते, दोन बायकांचे एवढे कपडे येतात कुठून? आई त्या वेळात सगळं बोलून घेते, आणि शेवटी नेमाने तुझ्यावर येते. "तो वेळेवर जेवत असेल ना गं?" तुझ्या ताटात कोण वाढतं हे मला कुठे ठाऊक? मी आपली "हो, हो" म्हणते.

कान गेला की तिला मशीनही ऐकू येणार नाही. मग ती कशाच्या आडोशाने बोलणार? म्हणून लिहिते आहे. आईसाठी. माझं काही नाही, मला कामातून डोकं वर काढायला फुरसत नसते.

तुझी बहीण

२८ सप्टेंबर

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र पोचलं हे ट्रकवाल्याने सांगितलं. तू ते घडी करून खिशात घातलंस आणि पुन्हा करवतीपाशी जाऊन उभा राहिलास म्हणे.

हसू आलं मला. तूही आवाजातच काम शोधलंस. आमच्या धुलाईघरात कपडे धुवायची मोठी पिंपं आहेत, इस्त्रीचे लांब रूळ आहेत, वाफेचे नळ आहेत. इथे दोन माणसं शेजारी उभी राहिली तरी ओरडूनच बोलतात. नवीन पोरींचं डोकं उठतं. मी पहिल्या दिवशी इथे पाऊल टाकलं आणि वाटलं, हं, इथे राहता येईल.

आईला मी कधीकधी सोबत आणते. सुपरवायझर बाई आधी तयार नव्हत्या. "तुझी आई बसू दे, पण रुळाजवळ फिरकायचं नाही. हात अडकला तर मी कुणाला तोंड दाखवू?" आता त्याच तिला उशांच्या खोळी घड्या करायला देतात. आई कोपऱ्यात बसून अखंड बोलते आणि बाई म्हणतात, "तुझी आई भलती बोलकी आहे गं!"

बाबा कसे गेले ते तुला कळायला हवं. थंडी ऐन भरात होती. पीठ संपत आलं होतं. आई पातेल्याच्या तळाची खरवड पाण्यात कालवून स्वतः प्यायची आणि बटाटा मला द्यायची. बाबा बाहेर लाकडं फोडत होते. आई मला सांगत होती की बटाटे कोंबाकडून कापून जपून ठेवायचे, म्हणजे बर्फ वितळल्यावर लावता येतात. आणि ठोके थांबले.

आम्ही गप्प झालो. ती चुलीपाशी, मी बाकावर, हात मांडीवर, नेहमीसारख्या. दार उघडायची वाट बघत. ते उघडलं नाही. आम्ही तशाच बसलो, दादा. विस्तव बारीक झाला, मग विझला, खोलीत तोंडातून वाफ निघायला लागली तेव्हा आई लाकडं आणायला म्हणून उठली. ते ओंडक्याशेजारी पालथे पडले होते आणि पाठीवर बर्फ साचला होता. छातीत कळ आली असावी. लगेच कुणी गेलं असतं तर वाचले असते की नाही, मला माहीत नाही. पण कुऱ्हाड थांबल्यावर बाहेर धावायचं हे आपल्या घरात कुणाला सुचलं असतं? लोकांना सांगून पटत नाही. तुला पटेल.

मला रडू आलं नाही. वसंतात आम्ही खाली उतरलो आणि वाटेत नदी लागली तेव्हा रडले. तू ही एकट्याने कशी ओलांडलीस, याचा विचार करत होते.

तुझी बहीण

१४ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, चार ओळी. मी आईला दाखवलेलं नाही.

"मला लिहू नकोस. मी गेलो त्या सकाळी तिने त्याला हात करून माझी वाट दाखवली. मी कड्यावरून डोळ्यांनी पाहिलं. त्याने कुऱ्हाड उचलली आणि नदीपर्यंत ती कुऱ्हाड माझ्या मागे होती."

तू बाबांना "तो" लिहिलंस. मला अजून जमत नाही. मेलेल्या माणसाची भीती वाटते, असं म्हण हवं तर.

मला राग आला आहे आणि तो लपवायची इच्छा नाही. इतकी वर्षं तू हे उराशी धरून बसलास? मी त्या दिवशी बाकाखाली होते. तू मला म्हणाला होतास, "तू इथेच थांब, मी माणसं घेऊन येतो." मी थांबले. तुझा डाव्या हाताचा मोजा मी उशीखाली ठेवला होता, तू आलास की लगेच सापडावा म्हणून. तू माणसं आणणार होतास, दादा. तुझी वाट बघत मी मोठी झाले. आणि तू खाली बसून आईला दोषी ठरवत होतास.

पण मी काही पाहिलं नव्हतं हे खरं आहे. आई आत आली तेव्हा तिच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. तिने फडकं कोंबलं आणि कणीक मळायला बसली. तू पळालास म्हणून बाबांनी मारलं, असं मी आजवर धरून चालले होते. कधी विचारलं नाही. आपल्या घरात प्रश्न विचारायलाही कुऱ्हाड लागायची.

उद्या आईला धुलाईघरात नेते आणि विचारते. जे सांगेल ते जसंच्या तसं लिहीन. ते तुझ्या बाजूचं निघालं तर पुन्हा पत्र पाठवणार नाही, शब्द देते.

१५ ऑक्टोबर

दादा,

बसून वाच. करवतीजवळ उभा राहून वाचू नकोस.

मी सगळी पिंपं एकदम चालू केली. सुपरवायझर बाई ओरडल्या, मी ऐकलं नाही असं दाखवलं. आईच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, "दादा गेला त्या सकाळी तू बाबांना काय दाखवलंस?"

ती खोळीची घडी घालत होती. घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "लाकडं."

मी म्हटलं, "कसली लाकडं?"

"अगं, रास. भिंतीला लावलेली. तो निघणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. त्याने स्वतःची भाकर खाल्ली नव्हती, सदऱ्यात लपवली होती. आईला कळत नाही का? पण त्या दिवसांत तुझे बाबा लाकडं फोडत नव्हते. रास छपरापर्यंत लागली होती. लाकडं नाहीत तर कुऱ्हाड नाही. मग हा दिवसाउजेडी जाणार कसा?"

तुला आठवतं, आई सतत लाकडं मागायची? आपण दोघं चिडायचो की घरात एवढी रास आहे आणि ही बाई अजून मागते, बाबांना अजून घाम काढायला लावते, म्हणजे त्यांचं डोकं अजून तापणार. ती म्हणाली, "दुसरं काही मागितलं की ते भडकायचे. लाकडं मागितली की त्यांना बरं वाटायचं. त्यांच्यावाचून आपलं अडतं, असं वाटायचं. म्हणून मी लाकडं मागायचे. आणि गाठीचे ओंडके वर रचायचे, फोडायला वेळ लागावा म्हणून. तेवढंच तुम्हाला बोलायला मिळायचं."

त्या सकाळी बाबा उठायच्या आत ती बाहेर गेली आणि तिने ती सगळी रास उतारावरून ढकलून ओढ्यात लोटली. एकटीने. छपरापर्यंतची रास. मग बाबांना जाऊन सांगितलं की रास कोसळली, लाकडं वाहून गेली, आणि हात करून ओढा दाखवला. तुझी वाट ओढ्याकाठूनच वर जाते, दादा. ती ओढा दाखवत होती. तू कड्यावर होतास, तुला वाटलं तुलाच दाखवते आहे.

बाबांनी हातात सापडलं ते ओलं लाकूड तिच्या कानावर घातलं. निष्काळजीपणाबद्दल. हे तू पाहिलं नसशील, तोवर तू पळायला लागला असशील. मग त्यांनी कुऱ्हाड उचलली आणि न फोडलेल्या ओंडक्यांकडे वळले. आईने सगळ्यांत चिवट गाठीचे तेवढे ठेवले होते.

"दुपार कलेपर्यंत फोडत होते," आई म्हणाली. "मी कणीक मळत होते आणि एका कानाने ठोके ऐकत होते. प्रत्येक ठोक्याला म्हणायचे, गेला अजून थोडा पुढे. थांबले तेव्हा म्हटलं, आता नदी ओलांडली असेल."

नदीपर्यंत कुऱ्हाड तुझ्या मागे होती, असं तू लिहिलंस. खरंच होती. त्या दरीत आवाज घुमतो, दूरचा ठोकाही पाठीशी असल्यासारखा वाटतो. पण विचार कर, माणूस तुझ्या मागे धावत असता तर लाकडं कोण फोडत होतं? इतकी वर्षं तू ज्या आवाजाला घाबरून पळत राहिलास, तो आईने तुझ्यासाठी मागून घेतला होता.

मी तिला म्हटलं, "हे त्याला कधी सांगितलं असतंस?"

ती म्हणाली, "तो आला असता तर सांगितलं असतं की."

मी वेगळं काही लिहीत नाही. ये.

तुझी बहीण

६ नोव्हेंबर

दादा,

आज धुलाईघरात फोन आला. सुपरवायझर बाईंनी मला बोलावलं, "तुझा आहे, पण पलीकडे कुणीतरी दळण दळतंय." मी फोन कानाला लावला. मागे करवत होती. तू "मी आहे" म्हणालास. आवाज जाड झालाय तुझा. मी ओळखला नसता, आणि तरी ओळखला.

मी म्हटलं, थांब, आई इथेच आहे. धावत जाऊन तिला आणलं, तिच्या उजव्या कानाशी फोन धरला. आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

इथले रूळ थांबले. पिंपं थांबली. पलीकडे तुमची करवतही थांबली असणार, तिकडेही जेवणाची वेळ तीच असेल. मी बघत होते. आईचं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. ती फोन घट्ट धरून उभी राहिली. तूही काही बोलला नाहीस, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. दोन्हीकडे चिडीचूप. मी वेड्यासारखी टेबल बडवायला लागले, एक पोरगी हसली, बाईंनी माझा हात धरला. फोन कट झाला तरी आईने तो खाली ठेवला नाही.

संध्याकाळी घरी मशीन लावलं. ती म्हणाली, "श्वास ऐकला मी त्याचा. सर्दी झालीये त्याला."

मला तुम्हा दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. आणि माझ्याशी तू दोनच शब्द बोललास, हेही लिहून ठेवते. आईसाठी आईसाठी म्हणते मी प्रत्येक पत्रात, पण मलाही कुणाशी तरी बोलायचं असतं. ते घर कसं होतं हे ज्याला समजावून सांगावं लागणार नाही असा माणूस मला जगात तू एकटा उरला आहेस.

तुझी बहीण

२९ नोव्हेंबर

दादा,

आईचा कान गेला.

परवा सकाळी मी मशीन लावलं, ते थडथडायला लागलं, आणि ती खिडकीपाशी बसून भिंतीकडे बघत राहिली. मी तिचा हात धरून मशीनच्या झाकणावर ठेवला. तिने माझ्याकडे बघून मान हलवली, लहान मुलाची समजूत काढावी तशी. मी मशीन बंद केलं. म्हटलं, संपलं. आता या दोन खोल्यांत मी एकटीच बोलणार आणि मीच ऐकणार. त्या दिवशी मी कामाला गेले नाही. शेगडीवर दूध उतू गेलं तेही बघितलं नाही.

काल डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकांवर माणसं खचाखच बसली होती आणि कुणी चकार शब्द काढत नव्हतं. आत डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून विचारलं, कानात काही आवाज येतो का? मी म्हणणार होते की तिला वाचता येत नाही. पण तिला येतं. माझ्या वर्गाच्या वह्या ती मी नसताना काढून बघायची, हे मला कालच कळलं.

आई खणखणीत आवाजात म्हणाली, "येतो की. लाकडं फोडतंय कुणीतरी."

दादा, त्या शांत खोलीत. दार उघडं होतं, बाहेरच्या सगळ्यांनी वळून बघितलं.

डॉक्टर म्हणाल्या, कान गेल्यावर असं होतं काही जणांना, डोक्यातच ठोके ऐकू येतात, त्याला औषध नाही, त्रास होईल. आईला त्रास होताना दिसत नव्हता. ती जिन्यावर बोलत होती, रस्त्यात बोलत होती, सिग्नलला उभं राहून एका अनोळखी बाईला सांगत होती की बटाटे कोंबाकडून कापावेत. मी पहिल्यांदा तिला "हळू, हळू" केलं, आणि मग माझीच मला लाज वाटली. तिच्यापुरते ठोके थांबतच नाहीत. म्हणजे तिला गप्प बसायचं कारणच उरलं नाही.

आता ती दिवसभर बोलते. तिच्या लहानपणाचं, तिच्या आईचं, तुझ्या जन्माचं. बाबा आधी कसे होते, तेही. आणि तुझ्याशी बोलते. स्टूल समोर ओढून घेते आणि त्या स्टुलाला सांगते, "तेव्हा तुला वाटलं असेल, पण मी ओढा दाखवत होते बरं का." रोज. स्टूल ऐकून ऐकून कंटाळलं असेल. मी मध्ये काही बोलले तर तिला कळत नाही. माझी सगळी अर्धी वाक्यं तशीच आहेत.

तुझा आवाज आता तिच्यापर्यंत पोचणार नाही. ती संधी आपण दोन्हीकडच्या जेवणाच्या सुट्टीत घालवली. मी तुला खोटी आशा दाखवणार नाही. पण तिला जे बोलायचं आहे ते ऐकायला स्टुलापेक्षा तू बरा. ट्रकवाला सांगत होता, तू त्याला विचारलंस म्हणे, इकडची पुढची खेप कधी आहे. पुढच्या आठवड्यात आहे. पुढची सीट रिकामी असते, मी विचारून ठेवलं आहे. आल्यावर तुला तोंड उघडवेना तर मी मशीन लावीन. तुझा मोजा अजून माझ्याकडे आहे, तुला आता होणार नाही.

हे लिहिताना आई स्वयंपाकघरातून मोठ्याने विचारते आहे, कुणाला लिहितेस म्हणून. मी भुवईवर बोट ठेवून तुझी खूण दाखवली. ती हात पुसत आली, कागदाकडे बघितलं, आणि म्हणाली, "मग एवढं काय लिहीत बसलीस? ये म्हणावं त्याला. कुऱ्हाड चालू आहे."